ॲपवरचे पाच लाख

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कॉलेजच्या ग्रुपवर आकडे फिरायला लागतात. कुणाला आठ, कुणाला बारा, आणि एखादीला थेट अठरा! पार्टी मागितली जाते, घरी पेढे येतात, शेजारच्या काकू 'अठरा लाख म्हणजे महिन्याला किती गं?' म्हणत हिशेब घालतात. पहिला पगार खात्यात जमा होतो तेव्हा काकूंचा हिशेब साफ चुकलेला असतो. कारण अठरातले बाराच पगाराचे असतात. उरलेले सहा 'ईसॉप'चे, आणि तेही बऱ्याचदा चार वर्षांचे मिळून.

ईसॉप म्हणजे एम्प्लॉयी स्टॉक ऑप्शन प्लॅन. नाव भारदस्त, गोष्ट साधी. कंपनी तुम्हाला शेअर देत नाही. पुढे कधीतरी, आज ठरवलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क देते. हा हक्कही एकदम मिळत नाही. नेहमीची पद्धत चार वर्षांची. पहिलं वर्ष पूर्ण झालं की पाव हिस्सा, मग उरलेला दर महिन्याला किंवा तिमाहीला थोडा थोडा. याला व्हेस्टिंग म्हणतात. वर्ष भरायच्या आत नोकरी सोडली तर हातात शून्य. कंपनी कायद्याखालच्या नियमांतच लिहिलंय, की ऑप्शन देणं आणि ते पदरात पडणं यात किमान एक वर्षाचं अंतर हवं. पदरात पडलेले ऑप्शन वापरून, म्हणजे पैसे भरून, शेअर घेतले की त्याला म्हणतात 'एक्सरसाइज'. जिमशी काही संबंध नाही, घाम मात्र इथंही निघतो.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसनं १९९४ मध्येच कर्मचाऱ्यांसाठी शेअर योजना आणली. त्यातून मध्यमवर्गीय घरांत आलेल्या पैशांच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. तेव्हा पत्र कागदावर यायचं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली जायचं, बाकी सगळं एचआरच्या एक्सेल शीटमध्ये. आता ते फोनवर आलंय. अमेरिकेत कार्टा, मॉर्गन स्टॅनली, फिडेलिटी यांची ॲप्स आहेत. आपल्याकडच्या स्टार्टअपमध्ये क्यापिटासारखी नावं ऐकू येतात, आणि पुण्यातली ईसॉप डायरेक्ट तर स्मार्टफोनच्या आधीपासून या कामात आहे.

आज बोलायचंय ते या ॲप्सविषयी. नेमकं सांगायचं तर, अशी ॲप्स डिझाइन करून बाजारात आणणाऱ्या टीमच्या प्रमुखाविषयी. कारण हे पान वाचणाऱ्यांतले काही जण दोन-चार वर्षांत असं ॲप वापरत असतील, आणि काही जण ते बनवत असतील. पहिल्या स्क्रीनवर कोणता आकडा मोठ्या अक्षरात दाखवायचा, हा वरवर पाहता फाँटचा आणि रंगाचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात त्या आकड्याकडे बघून माणसं नोकरी धरून ठेवतात, नाकारतात, घराचं बुकिंग करतात, लग्नाची तारीख काढतात. आमचं म्हणणं सरळ आहे. 'तुमची संपत्ती इतकी' हे दाखवायच्या आधी 'ती हातात यायला तुम्हाला इतके भरावे लागतील' हे दाखवलं पाहिजे. त्याच स्क्रीनवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

हिशेब करून बघू. समजा तुमच्या पदरात एक हजार ऑप्शन पडलेत. ठरलेली किंमत शेअरमागे १०० रुपये, आजचं मूल्य ६०० रुपये. ॲप उघडलं की हिरव्या रंगात चमकतं : ₹ ५,००,०००. शेजारी वर जाणारा बाण. मस्त वाटतं, वाटायलाच हवं. आता तुम्ही नोकरी बदलायचं ठरवलंत. योजनेच्या नियमांत लिहिलेलं असतं, की सोडल्यापासून अमुक दिवसांत ऑप्शन वापरा, नाहीतर गेले. ही मुदत कंपनीगणिक वेगळी असते, पण नव्वद दिवस हा आकडा नेहमी दिसतो. ठीक आहे, वापरू. शेअर घ्यायला भरायचे एक लाख. इथपर्यंत सोपं आहे.

आता कर. शेअर घेतला त्या दिवशीचं मूल्य आणि तुम्ही भरलेली किंमत, यांतला फरक आयकर खात्याच्या दृष्टीनं तुमचा पगारच आहे. म्हणजे पाच लाखांचं उत्पन्न. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून १ लाख ५६ हजारांचा कर. पगार कमी असेल तर कर कमी बसेल, पण बसेल हे नक्की. एकूण खिशातून गेले २ लाख ५६ हजार. बदल्यात मिळाले एक हजार शेअर, आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर ते विकायला गिऱ्हाईक शोधणं आलं. थोडक्यात, ॲपवर पाच लाख दिसणाऱ्याला ते पाच लाख मिळवण्यासाठी आधी अडीच लाख उभे करायचेत. पहिल्या नोकरीतून बाहेर पडणाऱ्या पोरा-पोरींकडे अडीच लाख असतात का? बऱ्याच जणांच्या डोक्यावर अजून एज्युकेशन लोन असतं. मग ते काय करतात? ऑप्शन सोडून देतात. ॲपवरचा आकडा एक दिवस शून्य होतो, बस्स.

२०२० च्या अर्थसंकल्पात यावर थोडा उतारा दिला गेला. ठरावीक पात्र स्टार्टअपमधल्या कर्मचाऱ्यांचा हा कर काही वर्षं पुढे ढकलता येतो. पण त्यातली मेख बघा : नोकरी सोडली की ही सवलत संपते आणि कर द्यावा लागतो. म्हणजे छत्री आहे, पण पाऊस आला की मिटायची.

आणि समजा तुम्ही कुठूनतरी पैसे जमवून शेअर घेतलेत, आणि दोन वर्षांनी कंपनीचं मूल्य घसरून शेअर दोनशेवर आला. विकलेत तर येतील दोन लाख. गेले होते दोन लाख छप्पन्न हजार. पाच लाखांच्या ज्या 'उत्पन्ना'वर कर भरला ते कधी आलंच नाही, आणि भरलेला कर काही परत मिळत नाही. कागदोपत्री झालेला भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो, आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो. पंचविशीतल्या माणसाकडे भांडवली नफा कुठला असायला!

हे घाबरवण्यासाठी रचलेलं उदाहरण नाही. बायजूसचं मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मानलं जात होतं. जुलै २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शेअर बाजारात आल्यावर तरी आकडा पक्का होतो असंही नाही. पेटीएमचा आयपीओ नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांनी आला आणि पहिल्याच दिवशी शेअर सुमारे २७ टक्क्यांनी आपटला. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. फोनपे वेगळी झाल्यावर फ्लिपकार्टनं २०२३ मध्ये ईसॉपधारकांना मिळून सुमारे ७० कोटी डॉलर रोख दिले. तेव्हा ईसॉप म्हणजे फसवाफसवी असं आम्ही मुळीच म्हणत नाही. कंपनी उभी करायला घाम गाळणाऱ्यांना मालकीतला वाटा मिळावा, यापेक्षा न्याय्य काय असणार? भांडण आहे ते हातात आलेल्या पैशासारखा आकडा दाखवण्याशी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलाच हा प्रकार. फक्त तुरींचा भाव आता रोज फोनवर दिसतो.

तो भाव येतो कुठून, हेही विचारायला हवं. स्टार्टअपनं मोठ्या गुंतवणूकदाराकडून पैसे घेतले की बातमी येते : अमुक कंपनीचं मूल्य इतके कोटी. त्या किमतीनं तुमच्या ऑप्शनना गुणलं की ॲपवरचा आकडा टुणकन वर जातो. पण गुंतवणूकदार घेतो ते प्राधान्य शेअर असतात. कंपनी विकली गेली तर साधारणपणे आधी त्याचे पैसे वसूल होतात, उरलं तर बाकीच्यांना. तुमचा शेअर साधा. पहिल्या पंगतीत बसलेल्याच्या पानावर काय वाढलंय ते बघून शेवटच्या पंगतीतल्यानं ढेकर देण्यात अर्थ नाही. करासाठी तर तिसराच आकडा लागतो, मर्चंट बँकरनं काढलेला. म्हणजे एकाच शेअरच्या दोन-तीन किमती. यातली कोणती दाखवतोय, ती कधीची आहे, हे आकड्याखाली एका ओळीत लिहायला ॲपला काही जड जात नाही.

'एवढं काय त्या आकड्याचं?' असं वाटत असेल तर जून २०२० मधली अमेरिकेतली घटना आठवा. रॉबिनहूड या शेअर ट्रेडिंग ॲपवर एका वीस वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याला आपल्या खात्यात ऋण सात लाख तीस हजार डॉलर दिसले. तो व्यवहार अर्धाच पूर्ण झालेला होता. दुसरी बाजू जमा झाली असती तर आकडा असा राहिला नसता. स्क्रीननं ते सांगितलं नाही. त्यानं मदत मागितली तेव्हा स्वयंचलित उत्तर आलं, असं त्याच्या कुटुंबानं नंतर केलेल्या दाव्यात म्हटलं होतं. त्या मुलानं आपलं आयुष्य संपवलं. पुढच्या वर्षी तिथल्या फिनरा या नियामक संस्थेनं रॉबिनहूडला दंड आणि भरपाई मिळून सुमारे सात कोटी डॉलर भरायला लावले. ग्राहकांना त्यांच्या खात्याविषयी दिशाभूल करणारी माहिती दाखवली, हा त्यातला एक ठपका होता. ते ॲप ईसॉपचं नव्हतं, आणि तिथं आकडा लाल होता, इथं हिरवा असतो. पण अर्धवट आकडा पूर्ण असल्यासारखा दाखवणं, हे दोन्हीकडे सारखंच.

मग ॲप बनवणारे शहाणे लोक असं का करतात? कारण ॲप वापरतो कर्मचारी, पण त्याचं बिल भरते कंपनी. कंपनीला हवं असतं, की माणसं टिकावीत. टीमच्या प्रमुखासमोर एचआरची मागणी येते : लॉगिन केल्याकेल्या संपत्ती दिसली पाहिजे, चार वर्षांनी किती होईल ते सरकपट्टी ओढून बघता आलं पाहिजे, व्हेस्टिंगच्या दिवशी स्क्रीनवर कागदी फुलं उडाली पाहिजेत. यातली एकही मागणी बेकायदा नाही. सगळ्या मिळून मात्र सोन्याचा पिंजरा तयार होतो. सरकपट्टी उजवीकडे ओढली की शेअर दुप्पट, चौपट, दसपट. डावीकडे ओढून निम्मा का करता येत नाही? आपल्याकडे ग्राहकांना फसवणाऱ्या डिझाइनविरुद्ध नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नियमावली काढली, त्यात असे तेरा प्रकार सांगितलेत. पण ती आहे ग्राहकांसाठी. आपल्याच कंपनीचं ॲप वापरणारा कर्मचारी त्यात कुठं बसतो? म्हणून इथं सगळा भार टीमच्या प्रमुखाच्या शहाणपणावर येऊन पडतो. मीटिंगमध्ये 'सरकपट्टी दोन्हीकडे सरकेल, नाहीतर नको' असं म्हणणारं कुणीतरी लागतं. तेवढ्यावरून कंत्राट सहसा जात नाही. जे जातं ते कागदी फुलांचं ॲनिमेशन.

मोठ्या गोष्टी सोडा, लॉगिनसारखी बारीक गोष्ट घ्या. अशा ॲपमध्ये शिरायला कंपनीचा ईमेल लागत असेल, तर राजीनाम्याच्या शेवटच्या संध्याकाळी तो ईमेल बंद होतो आणि ॲपही. नव्वद दिवसांची घड्याळाची टिकटिक सुरू होते नेमकी त्याच क्षणी. ज्या माणसाला आयुष्यात सगळ्यात जास्त या ॲपची गरज आहे, त्याच्यासाठीच दार बंद! पहिल्याच दिवशी वैयक्तिक ईमेल आणि मोबाइल नंबर जोडून घ्यायचा, आणि नोकरी सुटल्यावर दर पंधरा दिवसांनी 'इतके दिवस उरले, इतके पैसे लागतील' असा मेसेज पाठवायचा. यात कोडिंगची कमाल नाही. सोडून गेलेल्या माणसाचा विचार कुणी केला होता का, एवढाच प्रश्न आहे.

तसंच नॉमिनीचं. कंपनी नियमांनुसार नोकरीत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर तोपर्यंत दिलेले सगळे ऑप्शन वारसाला किंवा नॉमिनीला मिळतात, व्हेस्टिंग पूर्ण झालं नसलं तरी. घरच्यांना हे माहीतच नसतं. ज्या ॲपमध्ये नॉमिनीचा रकाना 'सेटिंग्ज'च्या तळाशी चौथ्या पानावर आहे, तिथं तो कोण भरणार? बावीस वर्षांचा मुलगा तर नाहीच.

हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या परदेशी कंपन्यांत नोकरी लागणाऱ्यांसाठी मामला अजून वेगळा. तिथं ऑप्शनऐवजी बहुतेकदा थेट शेअरच ठरावीक तारखांना मिळतात, त्यांना आरएसयू म्हणतात. पैसे भरावे लागत नाहीत, कर मात्र शेअर मिळतानाच लागतो. बऱ्याचदा त्यासाठी त्यातले काही शेअर परस्पर विकले जातात, म्हणून शंभराऐवजी सत्तरच खात्यात दिसले तर दचकू नका. शेअर अमेरिकेत, ॲप अमेरिकी ब्रोकरचं, आकडे डॉलरमध्ये. पण तुम्ही राहता भारतात, म्हणून आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो, आणि तो आर्थिक वर्षाचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा. शेअर न विकताही भरावा लागतो! लपवल्यास काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या, जमीनजुमला सोडून इतर परदेशी मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण तक्ता भरणं सुटलेलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्यानं एसएमएस आणि ईमेल पाठवून याची आठवण करून देण्याची मोहीमच काढली. ज्यांनी प्रामाणिकपणे नोकरी केली त्यांना काळ्या पैशाच्या कायद्याचं नाव वाचून घाम फुटला असेल, तर नवल नाही. ॲपकडे तारखा आहेत, किमती आहेत, वापरणारा भारतात आहे हेही माहीत आहे. मग हा तक्ता रुपयांत तयार करून देणारं एक बटण असायला काय हरकत आहे?

आता ॲप बाजारात आणण्याविषयी थोडंसं. इथं धडपड रंगाची नसते, आकडे जुळवण्याची असते. कंपनीनं शेअरचं एकाचे दहा असं विभाजन केलं, की तुमचे हजार ऑप्शन दहा हजार होतात आणि ठरलेली किंमत शंभराची दहा. हे एका ठिकाणी बदललं आणि दुसरीकडे राहिलं तर एखाद्याला रातोरात कोट्यधीश झाल्याचं दिसतं. सेबीच्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपन्यांत आतली माहिती असणाऱ्या ठरावीक कर्मचाऱ्यांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत शेअरची खरेदी-विक्री करता येत नाही. त्या काळात त्यांचं 'विका' हे बटण बंद असलं पाहिजे, आणि का बंद आहे ते तिथंच लिहिलेलं असलं पाहिजे. म्हणून शहाणी टीम आधी शे-दोनशे कर्मचाऱ्यांना ॲप देते, त्यांच्या जुन्या पत्रांशी एकेक आकडा पडताळून बघते, आणि व्हेस्टिंगच्या किंवा अप्रेझलच्या आठवड्यात कधीच नवं काही सोडत नाही.

आणि भाषा. कंपनीच्या पगारपत्रकावर गोदामातले, कारखान्यातले, सपोर्टमधले लोक असतील आणि त्यांनाही वाटा द्यायचा असेल, तर इंग्रजी स्क्रीनवर 'अनव्हेस्टेड' वाचून त्यांना काय समजणार? मराठीत 'अजून न मिळालेले' म्हटलं की झालं. 'निहितीकरण' वगैरे शोधत बसायची गरज नाही.

डिझाइन शिकणाऱ्यांसाठी एक सुचवणी. पवईतल्या आयडीसीपासून पुण्यातल्या डिझाइन कॉलेजांपर्यंत सगळीकडे पोर्टफोलिओत तेच दिसतं : खाणं मागवायच्या ॲपचं नवं रूप, गाणी ऐकायच्या ॲपचं नवं रूप. त्याऐवजी ईसॉप ॲपची एकच स्क्रीन करून बघा : एका मुलीनं काल राजीनामा दिलाय, तिच्याकडे हजार ऑप्शन आणि नव्वद दिवस आहेत, बँकेत चाळीस हजार. तिनं ॲप उघडलं. काय दिसायला हवं? यावर चार रात्री घालवल्यात तर इंटरव्ह्यूमध्ये बोलायला भरपूर असेल.

आणि ज्यांना यंदा ऑफर लेटर मिळणार आहे, त्यांनी सांगितलेली रक्कम बाजूला ठेवून कंपनीच्या माणसाला चार गोष्टी विचाराव्यात. ऑप्शन नेमके किती? ठरलेली किंमत काय? सोडल्यावर किती दिवस? आणि नोकरी सुटल्यावर मला माझ्या स्वतःच्या ईमेलनं ॲपमध्ये जाता येईल का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रात सापडतील. चौथ्याला बहुधा 'विचारून सांगतो' असं उत्तर येईल. मग दोन दिवसांनी आठवण करून द्या.